चित्रातला घोडा आणि किंगकाँग

आपण फसवले गेलो होतो हे उशिराने का होईना कळले, की माणसाने संतापावे, निदान खजील तरी व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याची आठवण कोणी गहिवरून काढीत नाही. असे असताना, ज्या फ्रीस्टाइल कुस्त्यांचे निकाल बहुधा आधीच ठरलेले असत हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, त्या कुस्त्यांविषयी बोलताना ऐंशीच्या घरातील माणसांचा आवाज कापरा होतो. आताच्या कुस्तीत तसे काही उरले नाही, असे ते म्हणतात. काय उरले नाही, असे विचारल्यावर मात्र त्यांना शब्द सापडत नाहीत. हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला, तरी खरे-खोटे, खेळ आणि द्वेष यांविषयीच्या आपल्या नैतिक कल्पना त्यात गुंतलेल्या आहेत. म्हणून या पानांवर त्याची चर्चा अस्थानी ठरू नये.

धुळ्याहून साक्रीमार्गे पश्चिमेकडे निघाले, की पांझरेच्या काठी पिंपळनेर लागते. जवळच लाटीपाड्याचे धरण, त्यापलीकडे सह्याद्रीच्या रांगा आणि मग गुजरातची सीमा. भोवतालच्या पाड्यांवर कोकणी, मावची, भिल्ल समाजाची वस्ती. येथील कष्टकरी माणूस पोटासाठी बाहेर पडला तर ऊसतोडीला गुजरातकडे वळतो; मुंबई त्याच्या लेखी दूरचीच. अशा गावी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधील फ्रीस्टाइल दंगली पोहोचल्या त्या तीन हातांतून गाळून: शिळ्या वर्तमानपत्रातून, यात्रेतील तंबूच्या सिनेमातून आणि कोणा मुंबई पाहून आलेल्याच्या तोंडून. बाबूभाई मिस्त्री यांचा ‘किंगकाँग’ १९६२ साली आला, ‘फौलाद’ त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांतला नायक दारासिंग हा खरोखरचा मल्ल, आणि ‘किंगकाँग’ या नावाचा त्याचा एक प्रतिस्पर्धीही खरोखरच अस्तित्वात. मग पडद्यावरचे काय आणि रिंगणातले काय, यांची सरमिसळ होणे साहजिकच होते. पिंपळनेरच्या त्या पिढीपैकी ज्यांच्याशी माझे बोलणे झाले, त्यांतील एकानेही दारासिंग व किंगकाँग यांची लढत प्रत्यक्ष पाहिलेली नाही. वर्णन मात्र सारेजण पहिल्या रांगेत बसून पाहिल्यासारखे करतात.

गंमत अशी, की हीच माणसे मातीतल्या कुस्तीच्या बाबतीत विलक्षण कठोर आहेत. खानदेशात यात्रा म्हटली की दंगल आलीच. दुपार कलली की फड भरतो, नारळावरच्या पोरांच्या जोडीने आरंभ होतो आणि मानाच्या कुस्तीपर्यंत अंधार पडू लागतो. येथे प्रेक्षक हाच पंच असतो. दोन पहिलवान नुसतीच खडाखडी करू लागले, एकमेकांना सांभाळून घेत आहेत असा संशय आला, की जाणत्यांच्या तोंडून शब्द निघतो: नुरा. नुरा कुस्ती म्हणजे आतून संगनमत केलेली कुस्ती. हा शब्द एकदा उमटला की पहिलवानांची पत गेली, इनाम अडले, आणि पुढल्या वर्षी त्या जोडीला त्या फडात आमंत्रण मिळणे कठीण. निकाली कुस्ती म्हणजे निकाली; पाठ लागली पाहिजे, दोन्ही खांदे मातीला टेकले पाहिजेत.

मग मातीत ज्याला नुरा म्हणून हिणवायचे, तेच दोरखंडांच्या रिंगणात झाले की त्याची आरती ओवाळायची, हा कोणता न्याय? हा प्रश्न मी एका वयोवृद्ध आप्पांना विचारला. आयुष्यभर यात्रांच्या फडात कुस्त्या जोडून देण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि अहिराणीत म्हणाले, “खोटं व्हतं ते माले बी माहित शे, भाऊ. पन दारासिंग खोटा नव्हता.”

कुस्ती खोटी, पण मल्ल खरा. हे वाक्य केवळ भक्तिभावाने बोललेले म्हणून सोडून देता आले असते. मला ते सोडवेना.

प्रथम थोडा इतिहास पाहू. निकाली कुस्ती ही थोर गोष्ट खरी, परंतु तिकीट काढून आलेल्या शहरी प्रेक्षकाला ती नेहमीच रुचेल असे नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये आपला गामा आणि पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत झाली. गामाच्या बळाचा अंदाज येताच झिबिस्को पोटावर पालथा पडला, आणि अडीच तासांहून अधिक काळ त्याने चटई सोडली नाही. लढत अनिर्णित राहिली. पुढील आठवड्याच्या लढतीस झिबिस्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळास दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. म्हणजे खरी कुस्ती एकदा अडीच तास हलली नाही, आणि दुसऱ्यांदा लोक आपापल्या जागी नीट बसण्यापूर्वीच आटोपली! गामाच्या थोरवीला यामुळे काही बाध येत नाही, पण तिकीटविक्री करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकार घातकच. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात ‘स्ट्रँगलर’ लुईस आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला. लढतीला वेळेची मर्यादा, डोळ्यांत भरणारे डाव, आणि निकाल आधी ठरलेला. दारासिंगच्या वाट्याला आलेली फ्रीस्टाइल ही त्या तोडग्याचीच पुढची पिढी. अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावचा हा जवान १९४७ साली सिंगापूरला गेला, तेथे ही विद्या शिकला, आणि १९५४ साली रुस्तुम-ए-हिंद म्हणून मिरवला. मातीचा अभ्यास त्याच्या अंगात होता. बाजाराचे नियम त्याने पुढे आत्मसात केले.

आता, ठरलेली कुस्ती म्हणजे लबाडी का? या प्रश्नाला आपल्या ख्रिस्ती परंपरेत एक फार जुने आणि फार सूक्ष्म उत्तर आहे. संत ऑगस्टीन यांनी बाप्तिस्म्यापूर्वीच्या काळात, इ. स. ३८६-८७च्या सुमारास, आपल्याच बुद्धीशी केलेला एक संवाद लिहून ठेवला आहे. ‘सॉलिलोक्वीज’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात फसवू पाहणारा आणि नुसते सोंग घेणारा यांच्यात ते भेद करतात. प्रहसने, विनोद, काव्ये यांत असत्य असते, पण फसवण्याची इच्छा नसते. आनंद देण्याची असते. पुढे ते रोसियस या प्राचीन रोमन नटाचे उदाहरण घेतात. ट्रॉयची राणी हेकुबा हिचे सोंग तो आणी तेव्हा तो खोटी हेकुबा असे. आणि खोटी हेकुबा होण्याचे त्याने नाकारले असते, तर तो खरा नट झालाच नसता. एका जागी खोटे असणे हीच दुसऱ्या जागी खरे असण्याची अट! आप्पांचे अहिराणी वाक्य आणि ऑगस्टीन यांचे हे विवेचन शेजारी ठेवून पाहावे. पुढे ‘कन्फेशन्स’मध्ये हेच ऑगस्टीन, नाटकातील खोट्या दुःखासाठी अश्रू ढाळल्याबद्दल स्वतःला दोष देतात, पण तेथे त्यांचा राग नटावर नसून, आपल्या आत्म्याच्या दुर्दशेसाठी कोरड्या राहिलेल्या आपल्याच डोळ्यांवर आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर स्पष्टच सांगितले, की खेळ ही मानवी जीवनाची गरज आहे आणि म्हणून नटाचा व्यवसाय मुळातच पापमय मानता येत नाही.

आपल्या देशी परंपरेतही हा विचार झालेला आहे. अभिनवगुप्ताने ज्याचे मत नोंदवून ठेवले आहे त्या शंकुकाने म्हटले, की रंगभूमीवर रामाचे काम करणारा नट पाहताना आपल्याला होणारे ज्ञान खरेही नसते, खोटेही नसते. तो संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तसा तो प्रकार आहे. ‘चित्रतुरग’ म्हणून हा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. (जाता जाता एक गोष्ट: खरे आणि खोटे यांच्या मधल्या या प्रदेशाचा विचार खानदेशाला परका नाही. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना १९१६ची. तेथील मलकानी, दास आणि मूर्ती या तिघा अभ्यासकांनी १९३३ साली चक्क ‘अज्ञान’ या विषयावर एक ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी कधी फ्रीस्टाइल पाहिली असती, तर आपले काम पुष्कळ सोपे झाले असते.)

परंतु शंकुकाच्या घोड्याने सगळेच निभत नाही. चित्रातला घोडा भिंतीवर आहे तोवर निष्पाप आहे. कोणी तो दत्तयात्रेत सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेला, दावणीला बांधला आणि खरा म्हणून विकायला काढला, तर? जुन्या फ्रीस्टाइलच्या ठेकेदारांनी नेमके हेच केले. लढती खऱ्या आहेत असेच त्यांनी लोकांना सांगितले. अमेरिकेतील मल्लांच्या धंद्यात या गुप्ततेला ‘केफेब’ असा एक सांकेतिक शब्दच होता. रिंगणातल्या वैऱ्यांनी चारचौघांत एकत्र जेवू नये, एका गाडीतून प्रवास करू नये, दुखापतीचे सोंग घरीदारीही चालू ठेवावे, असे दंडक होते. नट पडदा पडल्यावर मिशी काढून ठेवतो. या नटांना मिशी काढण्याची मुभा नव्हती. तेव्हा ऑगस्टीन यांच्या कसोटीवर ही मंडळी पूर्ण निर्दोष ठरत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. भोळ्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढले आणि त्याला ठरवलेला निकाल निकाली म्हणून विकला गेला, हा अन्याय होता. जुन्या काळाच्या आठवणी काढताना आपण हा हिशेब सोयीस्करपणे विसरतो.

पुढे सत्य बाहेर आले, पण तेही कसे, ते पाहण्याजोगे आहे. १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीने कबूल केले, की आमची कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक आहे. खेळांवर राज्याचे जे नियंत्रण आणि कर असत, ते टाळण्यासाठी हा कबुलीजबाब होता. दशकानुदशके जपलेले गुपित अखेर करापायी फुटले! असो. तेव्हापासून या धंद्यावर लबाडीचा आरोप करता येत नाही. आजचा मल्ल पडद्याबाहेर आपल्या भूमिकेबद्दल मोकळेपणाने बोलतो, कालच्या वैऱ्यासोबत हसत छायाचित्र काढून घेतो. घोडा पुन्हा चित्रात परतला. मग नीतीच्या दृष्टीने आजची कुस्ती अधिक स्वच्छ नव्हे काय? निश्चितच आहे. तरीही जुन्या चाहत्याला ती नको आहे.

यावर सहज सुचणारे उत्तर असे, की म्हाताऱ्यांना कुस्ती नको असते, आपले बारावे वर्ष हवे असते. यात तथ्य आहे. पुरावाही हाताशी आहे. पिंपळनेरातच आता चाळिशी ओलांडलेली दुसरी एक पिढी आहे. १९९०नंतरच्या दशकात केबल आले आणि तिला हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट ही दैवते मिळाली. मल्लांची उंची, वजन, छाती, दंड छापलेले पत्ते शाळेच्या दप्तरातून लपवून नेणारी आणि मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल करणारी ही मुले. आज ती संसारी झाली आहेत. जुलै २०२५मध्ये होगनचे निधन झाले तेव्हा त्यांनीही अगदी आप्पांसारखाच सुस्कारा सोडला. ‘खरी मजा आमच्या वेळी होती.’ आप्पांच्या दृष्टीने होगन हा निव्वळ पोरखेळ. होगनच्या भक्तांना दारासिंग म्हणजे रामायण मालिकेतला हनुमान. प्रत्येक पिढीचा सुवर्णकाळ तिच्या दुधाच्या दातांबरोबर पडतो, असे म्हणून हा विषय येथेच मिटवता आला असता.

पण एवढ्याने भागत नाही. बालपणी आवडलेल्या सगळ्याच गोष्टींविषयी आपण असे बोलत नाही. जुन्या चाहत्यांचे म्हणणे नीट ऐकले, तर त्यांची तक्रार आजचे मल्ल दुबळे आहेत अशी नसते. उलट, आताची पोरे अधिक कसरती करतात हे ते मान्य करतात. तक्रार अशी, की आता सगळेच डोळा मारून चालते. मल्ल पडताना जणू सांगतो, ‘हे खरे नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.’ प्रेक्षकही आरडाओरडा करताना आपण फसलेलो नाही हे शेजाऱ्याला दाखवून देतो. पूर्वी कोणी डोळा मारीत नसे. दोन्ही बाजूंनी काहीतरी पूर्णपणे पणाला लावलेले असे. ज्याची आठवण येते ती या अखंडपणाची. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी १९५२ साली कुस्तीवर एक निबंध लिहिला. तो प्रथम छापला गेला तो ‘एस्प्री’ या नियतकालिकात. इमॅन्युएल मुनिए या कॅथलिक तत्त्वज्ञाने १९३२ साली त्याची स्थापना केली होती. कुस्ती हा खेळ नसून दृश्य आहे, निकाल ठरलेला आहे की नाही याची प्रेक्षकाला फिकीर नसते, त्याला दुःखाचे, पराभवाचे आणि न्यायाचे स्पष्ट रूप पाहायचे असते, असे बार्त यांचे प्रतिपादन. आपल्यासारख्यांच्या नियतकालिकाने सत्तर वर्षांपूर्वी असा विषय छापला होता, याचे मला थोडे कौतुकही वाटते.

येथे एक वाट थेट धर्मश्रद्धेकडे जाते आणि तिच्यावरून घसरण्याचा धोका आहे. कोणी म्हणेल, श्रद्धा तरी दुसरे काय असते? डोळा न मारता स्वीकारलेले चित्रच ना? मला हे पटत नाही. संत थॉमस प्रेषिताने पुनरुत्थित प्रभूच्या जखमांत बोट घालून पाहण्याची मागणी केली, आणि प्रभूने त्याला झिडकारले नाही. हात पुढे केला. जुन्या रिंगणात प्रेक्षकाला जखमेला हात लावण्याची परवानगी नसे, सारा खटाटोप तो हात दूर ठेवण्यासाठीच होता. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत.

बार्त यांच्या विवेचनात ‘न्याय’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तेथेच या ओढीची काळी बाजू दिसू लागते. न्याय दिसायचा तर दुष्ट हवा. दुष्ट कोठून आणायचा? बहुधा परदेशातून. किंगकाँगचे खरे नाव एमिल चाया. हा हंगेरियन वंशाचा मल्ल दारासिंगपेक्षा कितीतरी अधिक वजनाचा होता. युरोपातून भटकत आशियात आलेल्या या माणसाला एका राक्षसी वानराचे नाव मिळाले आणि त्या नावाने त्याने आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. अमेरिकेत हेच घडले ते ‘आयर्न शेख’ म्हणून ओळखल्या गेलेल्या इराणी मल्लाबाबत. हा माणूस स्वदेश सोडून अमेरिकेत आला. तेथील ऑलिंपिक संघाच्या मल्लांना त्याने शिकवले. पुढे इराण आणि अमेरिका यांचे वैर पेटले तेव्हा त्याला इराणचा झेंडा घेऊन रिंगणात उभे केले गेले, लोक त्याच्यावर थुंकले. १९९१ साली शत्रू बदलला, आखाती युद्ध आले, तेव्हा त्याच इराणी माणसाला इराकी कर्नलचा गणवेश चढवण्यात आला. ज्या इराकशी त्याच्या मायदेशाने आठ वर्षे युद्ध केले, त्या इराकचा! प्रेक्षकांना काही फरक पडला नाही.

निकाल ठरलेला होता, डाव ठरलेले होते, रक्तसुद्धा पुष्कळदा युक्तीचे होते. द्वेष मात्र संपूर्ण खरा होता. ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये आपल्या अलिपियस नावाच्या मित्राची हकिकत सांगितली आहे. मित्रांनी ओढून नेल्यामुळे तो नाइलाजाने रोमच्या रक्तरंजित खेळांना गेला, डोळे घट्ट मिटून बसला, पण जनसमुदायाची एक आरोळी कानी पडताच त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणी रिंगणात पडलेल्या योद्ध्याहूनही अधिक घातक जखम त्याच्या आत्म्याला झाली. आमच्या फ्रीस्टाइलमध्ये कोणी मरत नव्हते, हे ठीक. पण आरोळी तीच होती. आपले युद्ध रक्तामांसाशी नाही, असे संत पौल इफिसकरांना लिहितात, आणि तेथे त्यांनी योजलेला मूळ ग्रीक शब्द कुस्तीचाच आहे. जुन्या चाहत्याला ज्या निर्मळ काळाची ओढ वाटते, त्या काळी वाईट माणूस त्याच्या नावावरून, चेहऱ्यावरून, देशावरून लांबूनच ओळखता येत असे. ही सोय आज उरली नाही, याचे दुःख करावे काय? अल्पसंख्य समाजात वाढलेल्या माणसाने तरी करू नये. रिंगणाबाहेर असा चेहरा कोणाकोणाला चिकटवला जातो, हे त्याला इतरांपेक्षा लवकर कळते.

एवढे म्हटल्यावर ती ओढ टाकाऊ ठरते का? मला तसे वाटत नाही. त्या कुस्तीत एक खरी गोष्ट होती, आणि ती आपण आजवर चुकीच्या मल्लाकडे पाहिल्यामुळे आपल्या ध्यानात आली नाही.

२९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले आणि तो जगज्जेता ठरला. ती तारीख जुने चाहते तोंडपाठ सांगतात. थेझ त्या वेळी बावन्न वर्षांचा होता. सोंगाड्यांच्या त्या दुनियेत खरोखरीची कुस्ती जाणणारा, मनात आणले तर समोरच्याचे हाड मोडू शकणारा मल्ल म्हणून त्याची ख्याती होती. पुढे आत्मकथन करताना त्याने दारासिंगला अस्सल मल्ल म्हटले आणि अशा माणसाकडून हरण्यात आपल्याला कमीपणा वाटला नाही, असा निर्वाळा दिला. ही साक्ष हरणाऱ्याची आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते. पाठ कोणी टेकवायची हा प्रश्न होता, आणि ज्याला ती न टेकवणेही शक्य होते त्याने ती टेकवली.

याच्या उलट उदाहरण कराचीचे. १२ डिसेंबर १९७६ रोजी जपानचा अँटोनियो इनोकी आणि गामाच्या घराण्यातील अक्रम पहिलवान समोरासमोर आले. ती लढत सोंगाची उरली नाही, खरी झाली. इनोकीने अक्रमचा हात सांध्यातून निकामी केला, आणि लढत थांबवावी लागली. प्रेक्षकांना एकदाचे सत्य मिळाले. पण त्या सत्याची गोड आठवण काढणारा मला कोणी भेटलेला नाही. तेथे काय मोडले, याचा विचार केला म्हणजे इतर वेळी काय सांभाळले जात होते ते कळते. ज्याला डोक्यावर उचलून फेकायचे त्याची मान सांभाळायची. ज्याच्या छातीवर उडी घ्यायची त्याच्या फासळ्या जपायच्या. आणि हे सारे हजारो लोक त्याचा जीव घे म्हणून ओरडत असताना, कोणाच्याही लक्षात येऊ न देता करायचे. एक माणूस आपला देह दुसऱ्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवतो, आणि दुसरा तो अभंग परत करतो. लोकांना ते वैर म्हणून विकले गेले, ही लबाडी होतीच. परंतु त्या लबाडीच्या आत जे चालले होते, त्याला आपल्या भाषेत विश्वास याखेरीज दुसरा शब्द नाही.

मेक्सिकोत सर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू झाले. अनाथ मुलांचा आश्रम चालवण्यास पैसा नव्हता, म्हणून ते मुखवटा घालून ‘फ्राय तोर्मेंता’ या नावाने वर्षानुवर्षे कुस्त्या खेळले. वेदीवर मिस्सा आणि रिंगणात ठरलेली कुस्ती. त्यांनी खोटे केले काय? मुखवटा खोटा होता, आणि जेवणारी मुले खरी होती. नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला एवढ्याने समाधान होणार नाही, हे मी जाणतो. तरी जिंकलेल्या लढतींइतकीच हरलेल्या लढतीही त्या मुलांच्या ताटात पडत होत्या, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आप्पांना मी किंगकाँगविषयी हे सारे सांगितले. त्याचे नाव एमिल होते, तो आयुष्याच्या उत्तरार्धात सिंगापूरला राहिला, १९७० साली मोटार अपघातातील जखमांनी तेथेच गेला. ज्याला उचलून आपटल्याची कथा तुम्ही साठ वर्षे सांगत आलात, त्या वजनाचा माणूस स्वतः सहकार्य करीत नसेल तर उचललाच जात नाही, असेही म्हटले. हे शेवटचे त्यांना नवे नव्हते. कुस्त्या जोडून देणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. पण नाव नवे होते. “एमिल,” त्यांनी एकदा उच्चारून पाहिले, जीभ नीट वळेना म्हणून पुन्हा उच्चारले. दारासिंगचे गाव, त्याचे भाऊ, त्याचे सिनेमे, त्याने हनुमान केला तो, त्याच्या शेवटच्या आजारपणाच्या २०१२च्या बातम्या, सगळे त्यांना मुखोद्गत. समोरच्या माणसाविषयी मात्र साठ वर्षांत एकही प्रश्न सुचला नव्हता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारले, “त्याले पोरंसोरं व्हतात का, भाऊ?”